स्की-स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर व्हायचंय? गुलमर्गपासून सुरू होणारी वाट

स्की इन्स्ट्रक्टरच्या कामाबद्दल आधीच एक सांगून टाकतो: या कामात स्वतःचं स्कीइंग फार कमी असतं. दिवसातले बहुतेक तास तुम्ही डोंगराच्या सगळ्यात सपाट तुकड्यावर, चालण्याच्या वेगाने, पाठमोरे घसरत असता. समोर घाबरलेला, घामाघूम झालेला आणि भाड्याच्या बुटांत पाय आवळलेला माणूस असतो. त्याला तासाभरात थांबता आलं पाहिजे, दोन-तीन तासांत वळता आलं पाहिजे आणि संध्याकाळी हॉटेलवर परतताना त्याचे दोन्ही गुडघे शाबूत असले पाहिजेत. हे ज्याला मनापासून आवडतं त्याने या धंद्यात यावं. ज्याला ताज्या पावडरमध्ये, म्हणजे नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात, मनसोक्त घसरायचं आहे त्याने स्वतःच्या पैशाने सुट्टीवर जावं. ते स्वस्त पडेल.

लेख गुलमर्ग धरून लिहिला आहे. भारतात स्की शिकायची आणि शिकवायची परंपरा सर्वात जुनी तिथलीच. स्की क्लब ऑफ इंडिया तिथे १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सुरू केला, आणि १९४८ साली लष्कराने काढलेलं स्की स्कूल पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं, तेही गुलमर्गमध्येच आहे. शिवाय आपल्या लोकांची तिथे हिवाळाभर रीघ असते, त्यामुळे मराठी बोलणाऱ्या इन्स्ट्रक्टरला तिथे खरोखर काम आहे. परदेशात जायचं असेल तर काय, तेही पुढे येईल.

आधी स्वतः शिका, आणि सरकारी कोर्सनेच शिका

गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग ही संस्था आहे. मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था सोलांगला स्की कोर्स घेते, आणि उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स असतात. ज्यांनी मनालीला किंवा उत्तरकाशीला बेसिक माउंटेनिअरिंग केलंय त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल: फॉर्म, वैद्यकीय दाखला, डॉर्मिटरी, सकाळी शिटी आणि व्यायाम. मोठ्या संस्थांचे कोर्स साधारण दोन आठवड्यांचे, बेसिक, इंटरमीजिएट, अॅडव्हान्स अशा पायऱ्यांनी जाणारे. बॅचेस जानेवारी ते मार्च, पण जागा त्याच्या बऱ्याच आधी भरतात. गणपती उठले की वेबसाइट बघायला लागा. डिसेंबरात जागे झालात तर वर्ष गेलं.

पर्यटकांसाठीचे दोन-तीन तासांचे क्लास करून शिकता येत नाही का? घसरता येतं, पण पाया कच्चा राहतो. दोन आठवडे रोज सहा-सात तास उतारावर राहिल्याशिवाय एज, म्हणजे स्कीची कड, काय असते ते पायाला कळत नाही. बेसिकमध्ये स्नोप्लाव, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून ब्रेक लावत उतरणं, पक्कं होतं. समांतर स्कीने वळणं इंटरमीजिएटपासून. शिकवण्याइतका हात बसायला बहुतेकांना दोन-तीन हिवाळे लागतात. ज्यांना पहिल्याच वर्षी इन्स्ट्रक्टर व्हायचं असतं त्यांना मी हेच सांगतो आणि त्यांना ते आवडत नाही.

मधल्या आठ-नऊ महिन्यांत महाराष्ट्रात बसून काय करायचं? दोन गोष्टी. एक, इनलाइन स्केटिंग. वळताना बाहेरच्या पायावर वजन टाकायची सवय तिथे फुकटात लागते. दोन, गड उतरणं. चढणं महत्त्वाचं नाही, उतरणं महत्त्वाचं: राजगड किंवा हरिश्चंद्रगड सामान घेऊन, न घसरता, गुडघे मऊ ठेवून उतरला की मांड्यांना जी कळ लागते तीच स्कीवर लागते. मॉलमधल्या स्नो पार्कात पैसे घालवू नका, तिथे सरावाजोगा उतार नसतो. दुबईत नातेवाईक असतील तर गोष्ट वेगळी. मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या स्की दुबईत सर्वात लांब उतार ४०० मीटरचा आहे आणि तो बारा महिने चालू असतो. तिथे भर मे महिन्यात सराव होतो, आणि बारमाही इन्स्ट्रक्टर ठेवणाऱ्या मोजक्या जागांपैकी ती एक असल्याने पुढे नोकरीसाठीही तिच्यावर लक्ष ठेवावं.

स्की की स्नोबोर्ड?

स्की म्हणजे प्रत्येक पायाला वेगळी पट्टी, स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर. आधी स्की. पहिल्यांदा बर्फावर येणारे बहुतेक लोक, विशेषतः कुटुंबं आणि मुलं, स्कीच मागतात, म्हणजे तास जास्त मिळतात. स्कीवर सुरुवात सोपी आणि पुढचं अवघड, बोर्डवर पहिले तीन दिवस हाल आणि मग झपाट्याने प्रगती, असं उतारावर म्हणतात आणि ते बरंचसं खरं आहे. पण दोन्ही शिकवता येणारा माणूस स्की स्कूलला सोन्यासारखा. पहिला हिवाळा स्कीवर काढा, दुसऱ्यात आठवडाभर तरी बोर्डवर पडा. पडाच, दुसरा शब्द नाही.

दाखले कोणते, आणि त्यांचा उपयोग काय

भारतातल्या कोर्सचा दाखला तुम्हाला घसरता किती चांगलं येतं ते सांगतो. शिकवता येतं की नाही हा निराळा प्रश्न आहे, आणि परदेशातल्या स्की स्कूलला त्याचं उत्तर हवं असतं. त्यासाठी प्रत्येक देशाची संघटना स्वतःच्या पायऱ्या ठेवते. कॅनडात स्कीसाठी सीएसआयए, १९३८ सालची, आणि स्नोबोर्डसाठी सीएएसआय. न्यूझीलंडमध्ये एनझेडएसआयए, ऑस्ट्रेलियात एपीएसआय, ब्रिटनची बीएएसआय, अमेरिकेत पीएसआयए आणि तिचीच स्नोबोर्ड शाखा एएएसआय. लेव्हल १ म्हणजे नवशिक्यांना शिकवायला पात्र. लेव्हल २ आलं की नोकरी देणारे मेलला लवकर उत्तर देतात. लेव्हल ३ आणि ४ ही वर्षानुवर्षांची साधना.

लेव्हल १ च्या परीक्षेला जाताना लोक वेगाचा सराव करतात. परीक्षक बघतात हळूपणा. स्नोप्लावमध्ये, मुंगीच्या गतीने, दोन्ही बाजूंना सारखी गोल वळणं काढून दाखवा म्हटलं की भलेभले डुगडुगतात, कारण वेग असला की चुका झाकल्या जातात. मग सहपरीक्षार्थींना विद्यार्थी समजून पाच-दहा मिनिटं शिकवायला लावतात. तिथे तुम्ही किती बोललात ते नव्हे, समोरचा किती वेळ हलत होता ते मोजलं जातं. दाखल्याबरोबर प्रथमोपचाराचा कोर्स बहुतेक ठिकाणी लागतो, लहान मुलांसोबत काम असेल तर पार्श्वभूमीची तपासणीही. पोलिसांचा दाखला वेळेत काढून ठेवा.

युरोपचं स्वप्न पहिल्या झटक्यात नको. फ्रान्ससारख्या देशात पैसे घेऊन शिकवायचं तर मान्यताप्राप्त पात्रता कायद्याने लागते आणि ती वरच्या पायरीची असते.

काम कुठे मिळतं

गुलमर्गबद्दल स्पष्ट बोलतो. तिथे शिकवणारे बहुतेक जण पायथ्याच्या टंगमर्ग आणि आसपासच्या गावांतले आहेत. हिवाळ्याचे तीन महिने त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटाच गेलेला आरिफ खान याच भागातला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीचं दुकान आणि गाइडचं काम. अशा ठिकाणी पुण्या-मुंबईहून येऊन उतारावर गिऱ्हाईक ओढायला उभं राहणं शोभत नाही आणि चालतही नाही. पर्यटन खात्याच्या गुलमर्गमधल्या कार्यालयात नोंदणीचे नियम विचारा, नोंदणीशिवाय पैसे घेऊन शिकवू नका. बाहेरच्या माणसाला चालणारे रस्ते दोन: साहसी पर्यटन कंपनीचा गट घेऊन जाणारा लीडर व्हायचं आणि स्थानिक इन्स्ट्रक्टरसोबत दुय्यम म्हणून शिकवायचं, किंवा एखाद्या अनुभवी स्थानिक माणसाकडे एक सीझन मदतनीस म्हणून राहायचं. दुसरा रस्ता मला जास्त पटतो. बर्फ वाचायला त्यांच्याकडूनच शिकता येतं, आणि पुढच्या वर्षी तुम्ही मराठी गट आणता तेव्हा तेही तुम्हाला परकं समजत नाहीत.

उत्पन्नाचा भरवसा आभाळावर. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचा काळ, तरी २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला आणि बर्फ महिना संपता संपता आला. २०२५ मध्ये खेलो इंडियाचे गुलमर्गचे सामनेही बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चात ढकलावे लागले. सीझन सुरू होताना खिशात दोन महिन्यांचा खर्च असायलाच हवा.

परदेशाचं गणित व्हिसावर अडतं. ज्या वर्किंग हॉलिडे व्हिसावर जगभरची तरुण पोरं न्यूझीलंडला आणि कॅनडाला हिवाळा काढायला जातात तो भारतीयांना आजवर मिळत आलेला नाही. अपवाद ऑस्ट्रेलियाचा. वर्क अँड हॉलिडे, उपवर्ग ४६२, हा व्हिसा २०२४ पासून भारतीयांना खुला झाला: वयोमर्यादा १८ ते ३०, वर्षाला १००० जागा, निवड सोडतीने. इंग्रजीची आणि शिक्षणाची अट आहे. एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येतं, पण तिथला हिवाळा जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच असतो, त्यामुळे अडत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये पेरिशर आणि थ्रेडबो, व्हिक्टोरियात फॉल्स क्रीक, माउंट हॉथम, माउंट बुलर. गंमत म्हणजे त्यांचा हिवाळा आपल्या पावसाळ्यात येतो, म्हणजे गुलमर्ग आणि ऑस्ट्रेलिया असे वर्षाला दोन सीझन जमू शकतात. सोडतीत नाव लागेल हे धरून मात्र नोकरी सोडू नका.

पहिला धडा: सुरुवात दुकानातून

आता मुख्य काम. नवशिक्यांचा गट, सहा-सात जण, तीन तास. धडा बर्फावर सुरू होतो असं वाटतं, पण निम्मा निकाल भाड्याच्या दुकानात लागतो.

टंगमर्गहून येणारा पर्यटक भाड्याचे गमबूट आणि गुडघ्याखाली जाणारा ओव्हरकोट घालून येतो. कोट बदलायला लावा. तो लिफ्टमध्ये अडकतो आणि पडल्यावर उठू देत नाही. जीन्स असेल तर वर पाणी न धरणारी पँट हवीच, ओली जीन्स तासाभरात पाय गोठवते. मोजा एकच, लांब आणि सरळ. थंडी म्हणून दोन-तीन मोजे घालणाऱ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघा वाकवल्यावर किंचित सुटली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. पँटचं टोक बुटात कोंबलेलं नाही ना, हे हात घालून बघा. नडगीला जखमा बहुधा त्यानेच होतात.

मग बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा म्हणून जो आकडा लावतात त्याला डिन म्हणतात, आणि तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणसाचं कसब यांवरून तक्त्यात बघून ठरतो. जास्त घट्ट राहिला तर स्की सुटत नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट जातो. दुकानदाराकडे तक्ता नसेल तर दुकान बदला. स्वतः प्रशिक्षण घेतलं नसेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. वजन विचारायचं ते प्रत्येकाला बाजूला घेऊन. सासरच्या मंडळींसमोर कुणीही खरं वजन सांगत नाही, आणि इथे पाच किलोचा खोटेपणा भोवतो.

नवशिक्याला स्की हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची, त्याहून लांब नको. पहिल्या तासाला पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, देऊच नका. गॉगल किंवा काळा चष्मा आणि सनस्क्रीन सक्तीचं, ढग असले तरी.

जागा

इन्स्ट्रक्टरचा सगळ्यात मोठा निर्णय जागेचा. उतार इतका सौम्य हवा की सरळ सोडलं तरी धावण्याच्या वेगाच्या वर जाणार नाही, आणि खाली सपाट मैदान किंवा थोडा चढ हवा, म्हणजे काहीही न करता स्की आपोआप थांबेल. अशी जागा मिळाली की अर्धी भीती तिथेच संपते, कारण थांबता येईल का हा प्रश्नच उरत नाही. गुलमर्गच्या खालच्या उतारांवर स्लेजवाले, घोडे आणि फोटो काढणारे यांची एकच गर्दी होते, म्हणून सकाळी लवकर जाऊन कडेची पट्टी धरा. मार्चात आणखी एक अडचण: सकाळी बर्फ काचेसारखा कडक, दुपारी लापशी. मधले दोन-तीन तास सोन्याचे, धडा त्यात बसवा.

क्रम

पहिल्या पंधरा मिनिटांत स्की लावायचीच नाही. नुसत्या बुटांनी चढा, उतरा, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून बघा. हा दाब ज्याला कळला त्याला पुढचं सगळं सोपं जातं. मग एकच स्की लावून सपाटीवर दुसऱ्या पायाने ढकलत फिरणं, पाय बदलून पुन्हा. मग दोन्ही. बाजूने पावलं टाकत, स्की उताराला आडवी ठेवून चढायला शिकवा. पण लक्षात ठेवा, माणूस काल मुंबईहून निघालाय आणि आज २६५० मीटरवर आहे. दहा पावलांवर धाप लागते. चढण कमी, विश्रांती जास्त, पाणी सारखं.

पडणं आणि उठणं मुद्दाम शिकवा. पडायचं बाजूला, डोंगराच्या अंगाला, मांडीवर. पुढे हात टेकून नाही, मागे बसून तर अजिबात नाही. उठताना आधी दोन्ही स्की अंगाच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणायच्या, मग गुडघे पोटाशी घेऊन हाताच्या रेट्याने उठायचं. स्की उताराच्या दिशेने ठेवून उठणारा उठता उठता निघून जातो. वजनदार किंवा दमलेल्या माणसाला वरची एक स्की काढू द्या, त्यात कमीपणा नाही.

आता सरळ घसरणं. तीन-चार वेळा, हात पुढे, नजर लांब. ताठरलेल्यांना घसरताना हलक्या उड्या मारायला सांगा, उडी मारणारा मागे रेलू शकत नाही. मग स्नोप्लाव: आधी जागेवर टाचा बाहेर ढकलून आकार, मग घसरत घसरत, मग फाकवत फाकवत थांबणं. मुलांना तो आकार पिझ्झा म्हणून लगेच कळतो. मोठेही हसून कबूल करतात.

थांबणं पक्कं झाल्याशिवाय वळण नाही. पक्कं म्हणजे मी सांगेन त्या जागी, तीनपैकी तीनदा. बहुतेक नवे इन्स्ट्रक्टर इथे घाई करतात, कारण गिऱ्हाईक म्हणतं आता जमलं, पुढे चला. वळण्याचं सूत्र एकच: डावीकडे जायचं तर उजव्या पायावर वजन. हात गुडघ्यांवर ठेवून उजवा गुडघा दाबायला लावा, स्की आपोआप डावीकडे येते आणि माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी हा धंदा करावा. जे वळणाच्या आतल्या बाजूला झुकतात, आणि मोटारसायकलवाले हमखास झुकतात, त्यांना बाहेरचा हात गुडघ्याच्या खाली बुटाकडे न्यायला सांगा.

तुमची जागा त्याच्या खालच्या बाजूला, समोर. तोल गेला तर पकडता येतं आणि त्याला नजर लावायला काहीतरी मिळतं. सूचना एका वेळी एक. गुडघे वाकव, पुढे बघ, हात वर, खांदा खाली हे चार शब्द एकदम ओरडले की माणूस चारही विसरतो आणि कुंपणात जातो.

ड्रॅग लिफ्ट, म्हणजे स्कीवर उभ्या माणसाला दोरावरच्या दांड्याने वर ओढून नेणारी लिफ्ट, पहिल्या दिवशी चढवायची तर आधी सपाटीवर पोल धरून ओढून सराव करा. पायांमध्ये येणाऱ्या तबकडीवर बसायचं नसतं, ती फक्त ढकलते. बसला की तो पडलाच. पडल्यावर दांडा सोडून लगेच बाजूला व्हायचं, मागून दुसरा येत असतो.

स्नोबोर्डचा पहिला दिवस

कोणता पाय पुढे ते आधी ठरवा. डावा पुढे म्हणजे रेग्युलर, उजवा पुढे म्हणजे गूफी. नकळत मागून हलका धक्का दिला की जो पाय पुढे येतो तो, ही जुनी युक्ती चालते, पण दोन्ही करून बघू द्या. पुढचा पाय बांधून सपाटीवर ढकलत चालणं, मग मागचा पाय बोर्डवर टेकवून सरळ घसरणं. त्यानंतर दोन्ही पाय बांधून टाचेच्या कडेवर, बोर्ड उताराला आडवा ठेवून हळूहळू खाली येणं. इथे त्याचे दोन्ही हात धरून तुम्ही समोर उभे. मग त्याच कडेवर डावीकडे-उजवीकडे तरंगत उतरणं, ज्याला फॉलिंग लीफ म्हणतात. बोटांच्या कडेवर हेच पुन्हा, या वेळी तोंड डोंगराकडे, म्हणून भीती दुप्पट. दोन कडा जोडून वळण काढणं बहुधा दुसऱ्या दिवसावर जातं, जाऊ द्या.

बोर्डवर खालच्या बाजूची कड बर्फात रुतली की माणूस क्षणात आपटतो. मूठ बंद ठेवून हाताच्या पुढच्या भागावर पडायला शिकवा, उघड्या तळव्यावर पडला तर मनगट जातं. हेल्मेटशिवाय धडा नाही. हे वाक्य ठामपणे म्हणायची सवय लावून घ्या.

मुलं

सहा-सात वर्षांच्या मुलाला सूत्रं सांगू नका. टोप्या ठेवा, त्यांच्यामधून जायला सांगा, लाल दिवा-हिरवा दिवा खेळा. दर वीस मिनिटांनी हातमोज्यांत हात घालून बघा. मूल थंडी वाजते हे सांगत नाही, एकदम रडायला लागतं. नाकाचा शेंडा किंवा गाल पांढरट दिसला की धडा बंद, आत. आईवडिलांना नम्रपणे लांब पाठवा, कारण प्रत्येक वळणाला मोबाइलकडे बघणारं मूल शिकत नाही.

आपल्या गटांबद्दल दोन शब्द

मराठी गटात एक काका हमखास असतात जे पहिल्याच तासाला विचारतात, फेज टूला कधी नेणार? गोंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३०८० मीटरवर, आणि दुसरा, म्हणजे फेज टू, अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरवर जातो. काकांना तिथे गोंडोलाने बघायला जाऊ द्या, तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, डोकं दुखत नसेल तर. स्की पायात घालून नाही. काकूंना मात्र कमी लेखू नका. आयुष्यभर ओल्या फरशीवर आणि गर्दीच्या लोकलमध्ये तोल सांभाळलेल्या बायका पुरुषांपेक्षा लवकर शिकतात, कारण त्या सांगितलेलं ऐकतात.

तुमची हद्द

अफरवटचा वरचा डोंगर हा ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या स्की-वाटांबाहेरचा, हिमालयातला मोकळा डोंगर आहे. इन्स्ट्रक्टर आणि पर्वतीय गाइड ही दोन वेगळी कामं आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमका तोच उतार जो चांगल्या स्कीअरला खुणावतो. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, त्यामुळे मदत येईपर्यंत थांबणं म्हणजे उशीर. स्वतः वर जायचं असेल तर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई), फावडं, तिन्ही वापरता येणारा जोडीदार, आणि त्या दिवशी स्की पेट्रोल, म्हणजे उतारावरचं सुरक्षा पथक, काय म्हणतंय ते. गिऱ्हाइकाला घेऊन जायचं असेल तर त्याची पात्रता आधी मिळवा.

खालच्या उतारावरचे धोके साधे आणि रोजचे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वर्तनाचे दहा नियम आहेत. गटाला त्यातले तीन पाठ करायला लावा. खाली असलेल्याचा हक्क पहिला, थांबायचं ते कडेला आणि वरून दिसेल असं, निघण्याआधी वर बघायचं. कुणी जखमी झालं तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की उभ्या रोवून फुली करा, म्हणजे वरून येणारे वळतील. बूट काढू नका, गुडघा सरळ करायचा प्रयत्न करू नका, माणसाला गरम ठेवा, पेट्रोलला बोलवा. पेट्रोलचा आणि दवाखान्याचा नंबर सकाळीच फोनमध्ये असला पाहिजे, आणि फोन आतल्या खिशात, नाही तर थंडीने बॅटरी मरते. पोल दिल्यावर पट्ट्यात हात अडकवून पडणाऱ्यांचा अंगठा दुखावतो, म्हणून पडताना पोल सोडा हे आधीच सांगायचं.

पैसा आणि शरीर

परदेशात बहुतेक नव्या इन्स्ट्रक्टरला तासावर पगार असतो. धडा नसेल तर पैसे नाहीत, आणि सीझनच्या सुरुवातीला चांगले धडे जुन्यांना जातात. तुमचं नाव घेऊन परत येणारं गिऱ्हाईक हीच खरी बढती, म्हणून धडा संपल्यावर दोन मिनिटं थांबून प्रत्येकाला उद्या काय करायचं ते एका वाक्यात सांगा. राहण्याचं भाडं, पास आणि गणवेश यांतलं काय पगारातून कापतात ते करारावर सही करण्याआधी विचारा.

बूट स्वतःचे घ्या, स्की नंतर. दिवसभर दुसऱ्याच्या बुटांत उभं राहून कुणी सीझन काढू शकत नाही. रात्री बूट आणि आतलं अस्तर वाळवा, पण हीटरला चिकटवून नाही, प्लास्टिक वाकतं. पाठमोरं घसरून कंबर धरते, तिला रोज दहा मिनिटं द्या. सीझन संपला की स्कीच्या कडा कोरड्या करून तळाला जाड मेणाचा थर द्यायचा आणि तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत खरवडायचा नाही. आपल्याकडच्या दमट हवेत, कोकणात आणि मुंबईत तर विशेष, कडांना महिन्याभरात गंज चढतो, तेव्हा कडांवरही मेण ओढून घ्या आणि स्की माळ्यावर टाकण्यापेक्षा कपाटाच्या मागे, भिंतीपासून थोड्या सुट्या उभ्या करा.